महिला सक्षमीकरणावर एवढं बोललं जातं, मग त्यासाठी झटणाऱ्या संस्थांची झोळी कायम रिकामी का?

झोळी अगदीच रिकामी नसते हो. पण तिच्यात काय पडतं ते पाहा. मी अशाच एका छोट्या संस्थेचे हिशेब बरीच वर्षं लिहिले. शिलाई मशीन द्यायला देणगीदार एका पायावर तयार. मशीन मोजता येतं, त्याचा फोटो निघतो. त्या मशीनवर कमावलेला पैसा बाईच्याच हातात राहावा म्हणून तिच्या घरी वर्षभर खेटे घालणाऱ्या कार्यकर्तीचा पगार मागा, की तो लगेच 'प्रशासकीय खर्च' होतो!

आमच्या समुपदेशक ताईंकडे एक बाई चार वेळा आली. चारही वेळा मुलांच्या शाळेबद्दलच बोलली. पाचव्या खेपेला तिने बाही वर केली. अहवालात मी लिहिलं, 'लाभार्थी संख्या: १'. पाच भेटींसाठी रकानाच नव्हता. पुढे प्रकल्प संपला, नव्याचा पहिला हप्ता लांबला. ताईंनी दोन महिने बिनपगारी काढले आणि मग दुसरीकडे नोकरी धरली. त्यांचंही घर होतंच की. ती बाई पुन्हा आली तेव्हा खोलीत मी एकटाच होतो. "ताई नाहीत का?" एवढं विचारून निघून गेली.

हे फक्त आमचंच रडगाणं नाही. एविड या आंतरराष्ट्रीय संघटनेने जगभरातल्या ७४० महिला संस्थांचं २०१० सालचं उत्पन्न पाहिलं, तर निम्म्या संस्था वर्षाला २०,००० डॉलरच्या आतच भागवत होत्या. श्रीमंत देशांच्या विकास-मदतीतला एक टक्काही महिला हक्क संस्थांपर्यंत पोचत नाही. २०२५ मध्ये मदत आटल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या यूएन विमेन या संस्थेने संकटग्रस्त भागांतल्या ४११ महिला संस्थांना विचारलं. त्यांतल्या ४७ टक्के म्हणाल्या, असंच चाललं तर सहा महिन्यांत टाळं लागेल.

तुम्ही संस्था काढणार असाल तर पगार, भाडं, ऑडिट हे सगळं प्रत्येक प्रस्तावात थोडं थोडं मागाच, लाजू नका. फोर्ड फाउंडेशनसारख्या बड्या देणगीदार संस्थेनेसुद्धा २०१५ मध्ये प्रकल्पाच्या देणगीतला या खर्चाचा वाटा १० वरून २० टक्के केला. आणि दरमहा थोडेच पण बिनअटीचे पैसे देणारी शंभर माणसं आधी जोडा. दोन प्रकल्पांमधले ते रिकामे महिने त्यांच्याच जिवावर निघतात.