दारावर पुली लावू का?

प्रश्न : वडिलांना अर्धांगवायूनंतर उजवा हात खांद्यापासून उचलता येत नाही. दारावर दोरीची पुली लावून डाव्या हाताने ओढायचा व्यायाम चालेल का? — एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नको. गोठलेल्या खांद्याला (फ्रोझन शोल्डर) पुली उपयोगी पडते, पण लुळ्या खांद्यात पाठीचं फऱ्याचं हाड हातासोबत फिरत नाही. दोरीने हात वर ओढला की सांध्यातले स्नायू हाडांत चिमटतात आणि खांदा दुखायला लागतो.

त्याऐवजी टेबलावर सरकणारी पाटी करा. १२ मिमी प्लायवूड, ३० × १२ सेंमी. वर पातळ फोम आणि सुती कापड (रेक्झिन लावू नका, मे महिन्यात घामाने कातडी सोलते), दोन वेल्क्रो पट्टे, खाली चार बॉल कॅस्टर (सगळ्या दिशांना फिरणारी गोळीची चाकं). साधी न वळणारी चाकं घेतलीत तर पाटी फक्त सरळच जाईल. इतवारी बाजारात हे सगळं मिळतं. टेबल सनमायकाचं, कोपराच्या उंचीचं.

उजवा हात पाटीवर ठेवून पट्टे बांधा. पाटी पुढे ढकला, मागे आणा, मग डावी-उजवीकडे. सुरुवातीला १०-१० वेळा. बहुतेक जण हात न ढकलता कंबरेतून वाकतात. पाठ खुर्चीला टेकलेलीच हवी, नाहीतर व्यायाम पाठीचा होतो. पट्ट्याखाली एक बोट सहज जावं. बोटं सुजली, खांदा दुखला किंवा खाली उतरल्यासारखा वाटला, तर थांबून फिजिओथेरपिस्टला दाखवा. आणि उठवताना त्या हाताला धरून ओढू नका!