पोटाच्या डॉक्टरला मनाचं सांगू का?

प्रश्न : ताई, मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, वय २७, सातवा महिना चालूय, दुसरी खेप. मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी पार बुडतं तो आजार. पहिल्या वेळी दिवस गेले तशा सासूबाईंनी गोळ्या बंद करायला लावल्या, लेकराला बाधतील म्हणून. पाचवी पुजली त्या रात्रीपासून माझी झोपच उडाली, नुसती बडबड, लेकरू कुणीतरी बदललं असंच वाटायचं. घरचे म्हणले बाहेरचं आहे, आठ दिवस अंगारे-धुपारे अन् मग दवाखाना. तिथं एक सिस्टर माझ्यासमोरच दुसरीला म्हणली, "येडी आहे, लेकरू देऊ नको हिच्याजवळ." आता गोळ्या चालू आहेत पण डाळीच्या डब्यात लपवून. डिलिव्हरीच्या मॅडमला काहीच माहीत नाही, अन् मनाच्या डॉक्टरला पोटाचं माहीत नाही. सांगू का? लेकरू काढून घेतील का?

उत्तर : त्या सिस्टरचं वाचून माझंच डोकं फिरलं आधी. असो. लेकराचं पहिले सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलेलंच आहे की मानसोपचारासाठी आईला ॲडमिट केलं तरी तीन वर्षांच्या आतलं मूल सहसा तिच्यापासून वेगळं करायचं नाही. आजारामुळं लेकराला धोका वाटला तर तेवढ्यापुरतं वेगळं ठेवतात, पण तो निर्णय दर १५ दिवसांनी पुन्हा तपासावा लागतो. म्हणजे नुसतं बायपोलर आहे म्हणून कुणी लेकरू नेत नसतं.

आता सांगायचं का, तर हो, याच आठवड्यात, दोघांनाही. मागच्या वेळी तुम्हाला झालं ते बाहेरचं नव्हतं, तो बाळंतपणानंतरचा सायकोसिस, म्हणजे खरं-खोटं कळेनासं होणारा मनाचा आजार, वाटतो मला. हजारात एक-दोन बायांना होतो पण बायपोलर असलं की पाचात एकीला, अन् एकदा झालेलीला परत व्हायची भीती त्याहून जास्त. बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच, नेमकं घरात पाहुणे अन् डिंकाचे लाडू चालू असतात तेव्हा. मॅडमला एकटीलाच भेटा, "सासूबाई जरा बाहेर थांबा" हे मॅडमलाच म्हणू द्या. गोळीचं पाकीट सोबत न्या. त्यात व्हॅल्प्रोएट असेल तर त्याच दिवशी मानसोपचारवाल्या डॉक्टरला फोन, ती पोटातल्या लेकराला चांगली नाही. लिथियम असेल तर रक्त तपासून डोस बघावा लागतो, अंगावर पाजायचं का तेही आधीच ठरवावं लागतं. पण कोणतीच गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, मागच्या वेळी तेच नडलं.

झोपेचं तर मी हट्टानं सांगेन. माहेरी रात्रीचं एखादं पाजणं आईनं वाटी-चमच्यानं करावं, तुम्ही सलग पाच तास झोपा. बाळंतिणीनं दिवसा झोपू नये म्हणणाऱ्या आत्याबाई प्रत्येक घरात असतात, हसून सोडून द्या. आशाताई डिलिव्हरीनंतर ३, ७, १४, २१, २८ अन् ४२ व्या दिवशी येते ती लेकराचं वजन करायला, तिला आधीच सांगून ठेवा की माझ्या झोपेचंही विचार. दोन रात्री झोप नाही अन् तरी थकवा नाही, असं झालं की तिसऱ्या रात्रीची वाट न बघता जिल्हा रुग्णालय. अर्ध्या रात्री काही सुचेना तर १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी सेवेचा फुकट नंबर आहे, मराठीतही बोलतात. हा नंबर नवऱ्याच्या फोनमध्येही टाका, कारण तेव्हा तुम्हाला स्वतःला काही झालंय असं वाटणारच नाही.

आणि गोळ्या त्या डाळीतून काढा बरं, माहेरी जायच्या पिशवीत वरच ठेवा. कळा सुरू झाल्यावर डबा सासरी राहिला तर गोळी चुकायची.