पंचेचाळिशीतलं एम.ए. आणि स्टॅटिस्टिक्सची धास्ती

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. वय ४५. मुलगी नोकरीला लागल्यावर राहिलेलं शिक्षण पुन्हा धरलं. आता मानसशास्त्रात एम.ए.चं दुसरं वर्ष, विषय जन्मापासून म्हातारपणापर्यंतचा विकास. एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाचे आयुष्याचे आठ टप्पे पाठ केले तरी पेपरात गोंधळ होतो. स्टॅटिस्टिक्सचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. घरचे म्हणतात, या वयात डोकं चालत नाही. खरंच तसं असतं का? प्रबंध गावातल्या आज्यांवर करायचा विचार आहे. जमेल का?

उत्तर : ताई, तुमच्या घरच्यांच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण ते तपासायचं कसं हेच तर तुमचा विषय शिकवतो.

समजा, तुम्ही गावातल्या पंचविशीच्या दहा सुना आणि सत्तरीच्या दहा सासवांना एकच चाचणी दिली. सुनांना जास्त गुण पडले. मग वयामुळे बुद्धी उतरते, असं लिहाल? सुना बारावी झालेल्या, सासवांनी शाळेची पायरी चढलेली नाही. फरक वयाचा की पाटी-पेन्सिलीचा? अमेरिकेत सिएटलला मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी १९५६ साली ५०० माणसांपासून सुरुवात केली आणि दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा गाठलं. तेव्हा दिसलं की बहुतेक क्षमता साठीच्या आसपासपर्यंत टिकतात. कामाचा झपाटा लवकर मंदावतो, हे खरं. पण शब्दज्ञान आणि तर्क मध्यमवयात ऐन भरात असतात. म्हणजे तुमच्या वयात! स्टॅटिस्टिक्स हवं ते याचसाठी. सुना-सासवांचा हा दाखला मनात ठेवून तो पेपर उघडा, आकडे कशासाठी आहेत ते कळेल.

पाठांतराचं म्हणाल, तर एरिक्सनचा तक्ता कोरडा पाठ करू नका. सातवा टप्पा, पुढच्या पिढीसाठी झटणं की स्वतःतच साचून राहणं, हा तुमच्या वयाचा आहे. गांधीजींच्या १९१८ च्या अहमदाबादमधल्या गिरणी संपाचा एरिक्सननी सखोल अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या मनात हाच मध्यमवयाचा प्रश्न होता. प्रत्येक टप्प्यापुढे तुमच्या ओळखीचं एक माणूस लिहा, मग तो विसरायचा म्हटलं तरी विसरणार नाही.

एक घरचा प्रसंग सांगते, कारण मुलांचा विचार कसा वाढतो हे अभ्यासणारा पियाजे मला खरा समजला तो नातीमुळे. ती पाच वर्षांची होती. दोन सारख्या पेल्यांत ताक ओतून विचारलं, सारखं आहे? म्हणाली, हो. तिच्यासमोरच एका पेल्यातलं ताक पसरट वाडग्यात ओतलं आणि पुन्हा विचारलं. पेल्यात जास्त, म्हणाली. अगदी पुस्तकातलं उत्तर, या वयात भांडं बदललं की मुलाला मापही बदललेलं वाटतं! मी खूश. रात्री झोपताना मात्र तिनं विचारलं, "आजी, तू परत विचारलंस, म्हणजे माझं आधीचं चुकलं होतं ना?" मी उठून बसले. स्कॉटलंडमध्ये मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी नेमकं हेच पकडलं होतं. सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळींपैकी एक मोठ्या माणसानं न हलवता खोडकर अस्वलाच्या खेळण्यानं विस्कटली, तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. मूल प्रश्नाला उत्तर देतं तसंच विचारणाऱ्यालाही देतं. हे तुम्हाला अंगणवाडीत रोज दिसत असणार, वर्गातल्या बावीस वर्षांच्या मुलांना अजून दिसायचंय.

आता प्रबंध. आज्यांचा विषय घ्याच, पण तो नेमका करा. आईबाप ऊसतोडीला गेले की दिवाळीनंतर कित्येक घरांत आजी आणि नातवंडंच उरतात. गुडघे धरलेली साठीतली बाई पुन्हा आईपणाला जुंपली जाते. वार्धक्याचे अभ्यासक पॉल बाल्टेस म्हणतात, म्हातारपणी माणूस मोजकं निवडतो, त्याचाच सराव वाढवतो आणि उणीव दुसऱ्या वाटेनं भरून काढतो. माझ्या सासूबाई भजनात शेवटी चारच अभंग म्हणत, पण ते रोज पहाटे घोळवत आणि मोठ्या अक्षरातली वही मांडीवर ठेवत. या आज्यांना मात्र निवडायची मुभा आहे का? त्या काय सोडून देतात, काय धरून ठेवतात? सहा-सात जणींशी निवांत, दोन-तीनदा बोललात तरी पुष्कळ हाती लागेल.

फक्त एक कळकळीनं सांगते. तुमच्या स्वतःच्या अंगणवाडीतल्या घरांत जाऊ नका. नातवाचा आहार तुमच्या हातून मिळतो, तुम्हाला त्या बाया नाही म्हणूच शकणार नाहीत. संमतीच्या कागदावर अंगठा उमटेल, पण त्याला संमती म्हणता येणार नाही. शेजारच्या गावात जा, तिथल्या सेविकेला बरोबर न घेता. आणि एखादी म्हणाली, "आज नको बाई, कामं पडलीत," तर उठून या. विचारायला दुसऱ्यांदा जाऊ नका.