इराकचा दौरा आणि २५ लाख दिनार

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त शिक्षक असून आमची वये ६४ व ६१ आहेत. दोघांचे मिळून ६० हजार रुपये निवृत्तिवेतन येते, घर स्वतःचे आहे आणि बँकेत २० लाखांच्या ठेवी आहेत. बॅबिलॉन, उर, उरुक ही प्राचीन शहरे आणि दक्षिण इराकमधील पाणथळ प्रदेशातील अरब वस्त्या दाखवणारा दहा दिवसांचा मार्गदर्शकासह दौरा आम्हाला करायचा आहे. दोघांचा खर्च ६ लाख आहे. ठेव मोडावी, की दौरा कंपनी मिळवून देत असलेले १४ टक्के दराचे तीन वर्षांचे कर्ज घ्यावे? तिथल्या खर्चासाठी एका परिचिताकडून २५ लाख इराकी दिनार साडेतीन लाख रुपयांना घेऊन ठेवले आहेत. दिनारचे लवकरच पुनर्मूल्यांकन होणार असल्याने आणखी ५० लाख दिनार घ्यावेत, असा विचार आहे.

उत्तर : ठेव मोडा, कर्ज घेऊ नका. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच असून त्याचा हिशेब पुढे देतो. मात्र पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता जे लिहिले आहे, त्यात दौऱ्याच्या खर्चापेक्षाही मोठी रक्कम धोक्यात घालण्याची सोय आहे.

इराकचा अधिकृत दर एका डॉलरला साधारण १,३०० दिनार, म्हणजे एक दिनार सुमारे सात पैशांचा. तुम्ही तो चौदा पैशांना घेतला. साडेतीन लाख मोजून पावणेदोन लाखांचा माल घरी आला आणि उरलेले पैसे त्याच दिवशी परिचिताच्या खिशात गेले. आता याच भावाने आणखी ५० लाख दिनार, म्हणजे सात लाख रुपये! दौरा आणि ही खरेदी मिळून २० लाखांच्या ठेवींतले सातच लाख उरतील.

पुनर्मूल्यांकनाची ही कहाणी २००३ नंतर जगभर विकली गेली आहे. १९९० पूर्वी एका दिनारला अधिकृत दराने तीन डॉलरहून अधिक मिळत, तो दर परत येणार, असे तिचे सार असते. इराकमध्ये आज ढोबळमानाने शंभर लाख कोटी दिनारच्या नोटा चलनात आहेत. एका दिनारला तीन डॉलर धरले, तर त्यांची किंमत ३०० लाख कोटी डॉलर होईल. साऱ्या जगाचे वार्षिक उत्पन्न १०० लाख कोटी डॉलरच्या थोडे वर आहे. या हिशेबाला कागद-पेन्सिलही लागत नाही, आणि तरी दोन शिक्षकांनी तो केला नाही याचे मला नवल वाटते. ‘तीन शून्ये काढणार’ ही याच कहाणीची दुसरी आवृत्ती. शून्ये काढली, तर जुन्या हजार दिनारचा एक नवा दिनार मिळेल आणि तुमची श्रीमंती होती तेवढीच राहील. २००४ मध्ये डॉलरला सुमारे १,४५० दिनार मिळत, आज १,३०० मिळतात. वीस वर्षांत दिनारने मारलेली मजल ती एवढीच, आणि मधल्या काळात, डिसेंबर २०२० मध्ये, त्याचे अवमूल्यनही झाले होते.

शिवाय परवानाधारक विक्रेत्याला सोडून अन्य कोणाकडून विदेशी चलन विकत घेणे फेमा या विदेशी चलनाच्या व्यवहारांविषयीच्या कायद्यात बसत नाही. तेव्हा परिचिताकडे पैसे परत मागा. त्याने नकार दिला, तर त्या नोटा बॅगेत घालून विमानतळावर जाण्याआधी फेमाची माहिती असलेल्या सनदी लेखापालाला भेटा. आपल्याकडचे चलन विक्रेते दिनारला सहसा हात लावत नाहीत, हे गृहीत धरूनच चाला.

प्रवासासाठी तुम्हाला डॉलरच न्यायचे आहेत. इराकमध्ये बहुतेक व्यवहार रोखीने होतात, म्हणून रिझर्व्ह बँकेने तिथे जाणाऱ्यांना प्रत्येक फेरीत ५,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नेण्याची मुभा दिली आहे. बहुतेक देशांसाठी ही मर्यादा ३,००० आहे. राहणे-जेवण आगाऊ भरलेले असल्यास दोघांना हजार डॉलर पुरावेत. नोटा नव्या, न चुरगळलेल्या मागून घ्या, कारण जुनी नोट तिथला दुकानदार नाकारू शकतो.

आता कर्ज. ठेवीवर सात टक्के दराने तीन वर्षांत जवळपास १ लाख ३८ हजार मिळतात, कर्जाचे व्याजही तेवढेच होते, म्हणजे कर्ज फुकटात पडले, असे गणित कंपनीचा माणूस तुम्हाला दाखवील. दरमहा साडेवीस हजारांचा हप्ता तुमच्या निवृत्तिवेतनातून जातो, हे मात्र तो सांगणार नाही. ठेव मोडून तेवढाच हप्ता आवर्ती ठेवीत भरलात, तर तीन वर्षांनी ८ लाख १५ हजारांच्या आसपास जमतील. कर्ज काढून राखलेली ठेव ७ लाख ३८ हजारांवर थांबेल. मुदतीपूर्वी ठेव मोडल्याचा पाच-सहा हजारांचा दंड वजा करूनही ७० हजारांचा फरक उरतो.

दौऱ्याला माझी हरकत नाही. ६ लाख गेल्यावर १४ लाख उरतात आणि निवृत्तिवेतन चालू आहे. डांबरात बसवलेल्या पक्क्या विटांचा उरचा झिग्गुरात, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा मंदिर-मनोरा, पाहण्यासाठी तेवढा खर्च करणे तुम्हाला परवडते. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी मात्र लेखी घ्या. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षामुळे इराकने आपली हवाई हद्द बंद केली होती. असे पुन्हा घडले, तर किती पैसे आणि किती दिवसांत परत मिळतील? प्रवास विम्यात युद्ध सहसा वगळलेले असते, त्यामुळे ‘विमा आहे ना’ हे उत्तर मान्य करू नका. दुसरी गोष्ट पाण्याची. १९९० च्या दशकात सद्दाम हुसेन यांच्या राजवटीने तुमच्या दौऱ्यातली ही पाणथळ आटवली, २००३ नंतर तिथे पाणी परतले, २०१६ मध्ये ती उर, उरुक आणि एरिदूसह जागतिक वारसा यादीत आली. पण अलीकडच्या दुष्काळात तिथल्या चिबायिश परिसरात पाणी इतके उतरले, की म्हशी पाळणाऱ्या अनेक कुटुंबांना वस्ती सोडावी लागली. मश्हूफ नावाच्या लांबट होडीतील फेरी पाण्याअभावी झाली नाही तर बदल्यात काय देणार, आणि बोरूच्या जाड जुड्या वाकवून उभारलेल्या मुदीफमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या दालनात, मुक्काम असल्यास यजमान कुटुंबाला किती पैसे मिळणार, हे विचारा. तिथे बैठक जमिनीवर असते, तेव्हा गुडघ्यांचाही विचार करा.

बिलात दिसणारा टीसीएस, म्हणजे दौऱ्याच्या पैशांसोबत आगाऊ गोळा होणारा कर, हा खर्च धरू नका. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरले की करात वळता होतो किंवा परत मिळतो. त्यासाठी बिल तुमच्यापैकी जो विवरणपत्र भरतो, त्याच्याच नावावर करून घ्या.