बगळ्याचे पंख काळे का पडले?

प्रश्न : आमच्याकडे बगळ्याचे जुने जलरंगचित्र आहे. पंखांवरच्या पांढऱ्या रेघा काळपट झाल्यात, भोवतीचा कागद मात्र स्वच्छ आहे. ही बुरशी का? ओल्या कापसाने पुसू का? चित्र ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातले असेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : कापूस आधी बाजूला ठेवा. बुरशी रेघेची हद्द पाळत नाही, कागदावरही पसरते. नेमका पांढरा रंगच काळवंडला असेल, तर तो बहुधा सफेदा, म्हणजे शिशाचा पांढरा. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडने त्याचे काळे लेड सल्फाइड होते. मग पिसांवरच्या उजेडाच्या रेघा सावलीसारख्या दिसू लागतात. हा मळ नाही, रंगच बदललाय. रंग डिंकात कालवलेला असल्याने पाणी लागताच सुटेल. हायड्रोजन पेरॉक्साइडने काळे सल्फाइड पांढऱ्या सल्फेटमध्ये बदलते हे खरे, पण औषधाच्या दुकानातली बाटली पाण्यातलीच असते, म्हणून घरी मुळीच नको. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राचा सल्ला घ्या. तोवर चित्र काचेला चिकटू देऊ नका, रबर आणि लोकरीपासून दूर ठेवा. दोन्हींतून गंधकाची संयुगे सुटतात. उजेड मंद, 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचे एकक) आत हवा.

काळाचे म्हणाल, तर आधी दहापट भिंगाने पाहा. रंगाखाली कोरीव रेघा किंवा शिळाछापाचे खरबरीत कण दिसले, तर ते हाताने रंगवलेले छापचित्र. मग कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, शोधा. त्यात ‘जे व्हॉटमन’ या इंग्लिश कागद-कारखानदाराच्या नावासोबत साल असेल, तर चित्र त्या सालाआधीचे असूच शकत नाही, इंग्लिश कागदावर साल घालायची रीत 1794 पासूनची. जस्ताचा पांढरा जलरंग 1834 मध्ये बाजारात आला आणि तो असा काळा पडत नाही. पण सफेदा नंतरही वापरात होता, त्यामुळे नुसत्या काळेपणावरून वय ठरवू नका.

सही नाही म्हणून हिरमुसू नका, बहुतेक कंपनीचित्रे, म्हणजे कंपनीच्या काळात भारतीय चित्रकारांनी इंग्रजांसाठी काढलेली चित्रे, निनावीच आहेत. कलकत्त्यात तिथल्या सरन्यायाधीशांच्या पत्नी लेडी मेरी इम्पी यांनी 1777 ते 1782 या काळात भारतीय चित्रकारांकडून तीनशेहून अधिक चित्रे काढवून घेतली, त्यांतली निम्म्याहून जास्त पक्ष्यांची. ती काढणारे पाटण्याचे शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास यांची नावे आज माहीत आहेत, कारण चित्रांवर ती लिहून ठेवली गेली. त्या चित्रांवर नाव खालच्या कडेला असते. तुमच्याही चित्राची खालची कड तपासा. चौकटीत बसवताना कागद कापला असेल, तर नाव त्या कात्रणातच गेले असेल.