गाडी कोल्हापूरची, घर निपाणीचं

प्रश्न : आजी धरून आम्ही घरात पाच जण. साडेतीन लाखांत जुनी पेट्रोल गाडी बघतोय. कोल्हापुरात एमएच-०९ पासिंगची २०१७ ची गाडी मिळतेय, इथल्या केए-२३ गाडीपेक्षा ४० हजारांनी स्वस्त. मालक म्हणतो, आहे त्याच नंबरवर चालवा. घ्यावी का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : त्याच नंबरवर, त्याच्याच नावावर अजिबात चालवू नका. आरसी आणि विमा तुमच्या नावावर नसेल तर उद्या गाडी ठोकली की स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा नावावर करायला अर्ज द्या. त्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र तुम्हाला मिळत नाही, म्हणून हप्ता थोडा वाढेल.

आता ते ४० हजार. गाडी इथल्या नंबरवर आणताना भरावा लागणारा कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स तुम्ही मोजलेल्या रकमेवर नाही, गाडीच्या मूळ किमतीवर बसतो. वयाप्रमाणे तो कमी होतो एवढंच. आरसीची झेरॉक्स घेऊन आधी चिकोडीच्या आरटीओत आकडा विचारा. फायदा तिथंच संपण्याची शक्यता मोठी आहे. तरीही घ्यायचीच असेल तर फॉर्म २८ भरून कोल्हापूरच्या आरटीओतून एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) मालकानंच काढून द्यायची. कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवायला आधी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. मग इथं नव्या नंबरासाठी फॉर्म २७, आणि गाडी नावावर करायला २९ आणि ३०. एनओसी हातात येईपर्यंत निदान ५० हजार मागे ठेवा, आणि तसं लिहून घ्या.

खरी काळजी वेगळीच आहे. या गाडीनं कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ असे दोन महापूर काढलेत. पाण्यात बसलेली गाडी धुऊन-पुसून चकाचक करता येते, पण वायरिंगच्या जोडांत शिरलेली ओल सहा-आठ महिन्यांनी गंज धरते आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. म्हणून मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढा. एरवी गुंडाळलेला राहतो त्या भागावर मातकट रेघ दिसली तर तिथूनच परत फिरा. डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात बोट फिरवा. रेव लागते का बघा. पुढच्या सीटचे रूळ, त्यांचे बोल्ट गंजलेत का तेही टॉर्च लावून बघा. विमा कंपनीकडचा क्लेमचा इतिहास मालकाकडून मागून घ्या. तो द्यायला टाळाटाळ केली तर गाडी सोडून द्या.

प्रश्न : २०१८ ची गाडी, मीटर ३१ हजार. खरा असेल का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : टायरवरचा चार आकडी कोड वाचा : पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायरांवर शेवटी २१ असेल, तर तीन वर्षांत टायर बदलावे लागले. एवढ्या कमी चाललेल्या गाडीला ते सहसा लागत नाहीत. ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का पाहा आणि गाडी नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली जुनी बिलं काढायला सांगा. दर बिलावर किलोमीटर लिहिलेले असतात.