महाविद्यालयीन हॉकीचे पहिले वर्ष : मुलाची पारख कशावरून करावी?

प्रश्न : माझा मुलगा देवळाली कॅम्प परिसरात मुरमाच्या मैदानावर हॉकी शिकला. शालेय स्पर्धांत तो सेंटर फॉरवर्ड खेळत असे आणि संघाचे निम्म्याहून अधिक गोल त्याच्या नावावर असत. त्यांतले बरेच पेनल्टी कॉर्नरवरचे होते. बारावीनंतर त्याने पुण्यातील एका महाविद्यालयात कला शाखेच्या प्रथम वर्षाला प्रवेश घेतला. तेथे टर्फवर, म्हणजे कृत्रिम मैदानावर, सराव मिळतो. पण वर्षभरात त्याला सामन्यांत फार थोडा वेळ उतरवले गेले, गोल एकच झाला आणि आता प्रशिक्षक त्याला मधल्या फळीत डावीकडे खेळवत आहेत. नातेवाईक म्हणतात की मुलाचा खेळ उतरला, त्याला नाशिकच्या महाविद्यालयात आणा, इथे पहिल्या अकरांत जागा नक्की आहे. मुलगा स्वतः काही बोलत नाही. त्याला परत आणावे का?
— एक पालक, नाशिक रोड

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून मुलाचा खेळ उतरला असे म्हणता येत नाही आणि वाढला असेही म्हणता येत नाही, कारण शाळेत ज्या मापाने आपण त्याला मोजत होता, ते गोलसंख्येचे माप महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी जवळजवळ निरुपयोगी ठरते. म्हणून परत आणण्याच्या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी त्याच्या खेळात नेमके काय पाहायचे, ते ठरवू या.

प्रथम शाळेतल्या गोलांविषयी. पेनल्टी कॉर्नरवर पहिला प्रयत्न हिटने केला, तर गोलरेषा ओलांडताना चेंडू ४६० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे गोलमधील फळीच्या उंचीपेक्षा, वर असून चालत नाही. ड्रॅग फ्लिकला, म्हणजे चेंडू स्टिकवर ओढत आणून उचलून फेकण्याला, मात्र हे बंधन नाही. शालेय सामन्यांत अंगाने लवकर भरलेला मुलगा जोरदार हिट मारतो, मुरमावर चेंडू कसाही उसळतो, गोलरक्षक नवखा असतो आणि गोल होतो. महाविद्यालयीन स्तरावर त्याच हिटसमोर गोलरक्षक आडवा पडून पॅडने वाट बंद करतो, पहिला रशर, म्हणजे गोलरेषेवरून धावत येणारा बचावपटू, चेंडू थांबायच्या आत अंगावर येतो आणि बहुतेक संघांत कॉर्नर मारण्याचे काम तिसऱ्या वर्षाच्या किंवा पदव्युत्तर वर्गातल्या एखाद्या फ्लिकरकडे आधीच दिलेले असते. म्हणजे आपल्या मुलाच्या गोलांचा मोठा वाटा त्याच्या हातून चुकून गेलेला नाही, तर ते काम त्याच्याकडे राहिलेलेच नाही. त्याने शाळेत मैदानी गोल किती केले आणि ते कोणत्या संघांविरुद्ध केले, हे आठवून पाहिल्यास जुन्या आकड्याचे खरे मोलही आपल्याला कळेल.

दुसरी गोष्ट मैदानाची, आणि माझ्या मते आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे. भारताने मार्च १९७५ मध्ये क्वालालंपूरला अंतिम सामन्यात पाकिस्तानला २-१ असे हरवून विश्वचषक जिंकला आणि पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये, जेथे ऑलिम्पिक हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली, तोच देश सातव्या स्थानावर घसरला. एका वर्षात एवढ्या मोठ्या खेळाडूंचे कसब संपत नाही. पायांखालचे मैदान बदलले आणि त्याबरोबर चेंडूचा वेग, थांबवण्याची पद्धत, धावण्याचे प्रमाण असे सगळेच बदलले. जगज्जेत्यांना जे जड गेले, ते देवळालीहून गेलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला एका हंगामात जमावे, अशी अपेक्षा ठेवणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

हा बदल आपल्याला डोळ्यांनी पाहता येईल. पुढच्या वेळी पुण्याला जाल, तेव्हा सामन्याऐवजी एखादा सराव पाहा, आणि सगळा वेळ चेंडूमागे नजर न फिरवता केवळ मुलाकडे पाहा. मुरमावर चेंडू शेवटच्या क्षणी उडी घेतो, म्हणून तेथे शिकलेला मुलगा शरीर चेंडूमागे आणतो, मान खाली घालतो, चेंडू पूर्ण थांबवतो आणि मग डोके वर करून पास शोधतो. मुरमावर ही सवय योग्यच असते. टर्फवर मात्र चेंडू सपाट आणि वेगाने येतो, आणि तो मृत थांबवून मान वर करेपर्यंत समोरचा हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, चेंडू हिसकावायला पोहोचलेला असतो. तेव्हा चेंडू त्याच्याकडे निघाल्यावर, पण स्टिकला लागण्यापूर्वी, तो एकदा तरी खांद्यावरून मागे पाहतो का? त्याचा पहिला स्पर्श चेंडूला त्याच्या बुटांपाशी आणतो, की जिकडे मोकळी जागा आहे तिकडे दोन पावले पुढे ढकलतो? गुडघे वाकवून तो स्टिक जमिनीलगत आडवी ठेवू लागला आहे का? सप्टेंबरात हे होत नव्हते आणि फेब्रुवारीत दहांपैकी चार-पाच वेळा होत असेल, तर मुलगा वाढतो आहे, मग गोल एक असो वा शून्य. आणि वर्षभर टर्फवर राहूनही पहिला स्पर्श बुटांपाशीच येत असेल, तर ती काळजीची खूण आहे. त्या वेळी चार गोल झाले असते, तरी मी समाधान मानले नसते.

चेंडू गेल्यानंतरचे पाच सेकंदही पाहावेत. शाळेतल्या हुकमी फॉरवर्डला चेंडू गमावल्यावर उभे राहण्याची सवलत मिळालेली असते, कारण मागचे सांभाळून घेतात. महाविद्यालयात प्रशिक्षक राखीव बाकावरून ज्याला उठवतात, तो बहुधा गोल करणारा नसून चेंडू गमावताच उलट वळून धावणारा असतो.

मैदानातील वेळेविषयी आपण लिहिले आहे. तो मिनिटांत मोजावा, सामन्यांत नव्हे. आता सामना १५ मिनिटांच्या चार सत्रांचा असतो आणि खेळाडू किती वेळा बदलावेत यावर बंधन नाही. बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो. त्यामुळे बाकावर बसणे ही पूर्वीसारखी शिक्षा राहिलेली नाही. वरच्या स्तरावर फॉरवर्डना काही मिनिटे पूर्ण ताकदीने पळवून बाहेर घेतात आणि पुन्हा पाठवतात. मुलाला विचारा की तो कोणत्या सत्रात, कोणत्या गोलसंख्येवर आत गेला. सामना हातात असताना शेवटची तीन मिनिटे मिळणे आणि बरोबरी असताना तिसऱ्या सत्रात सहा मिनिटे मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट वर्षातून दोनदा जरी घडली असेल, तरी प्रशिक्षकाचा त्याच्यावर विश्वास बसू लागला आहे, असे मी धरीन.

जागा बदलल्याचे वाईट वाटून घेऊ नये. ज्या मुलाला प्रशिक्षक बाद ठरवतात, त्याला ते सहसा नवी जागा शिकवत बसत नाहीत. पी. आर. श्रीजेश तिरुवनंतपुरमच्या जी. व्ही. राजा क्रीडा शाळेत दाखल झाला, तेव्हा त्याचा कल धावणे, लांब उडी, व्हॉलीबॉल यांकडे होता. तेथील प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून तो गोलरक्षक झाला आणि पुढे टोकियो व पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक विजेत्या संघाचा गोलरक्षक राहिला. प्रत्येक बदल असा फळतो असे नाही. पण डावीकडून खेळताना उजव्या हाताच्या स्टिकने चेंडू घेणे अवघड असते, शरीर योग्य कोनात वळवावे लागते, आणि हे जमलेला खेळाडू निवड समितीच्या नजरेत लवकर भरतो. मी अनेक निवड चाचण्या जवळून पाहिल्या आहेत. सेंटर फॉरवर्ड म्हणून रांगेत उभी राहणारी मुले तेथे ढीगभर असतात, डावी बाजू समजणारी फार थोडी.

आता परत आणण्याविषयी. नाशिक आणि पुणे या दोन्ही जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा विभागवार होतात, त्यांतून आंतरविभागीय स्पर्धा आणि तेथून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. हा संघ पुढे भारतीय विद्यापीठ संघ (एआययू) या संघटनेच्या पश्चिम विभागीय व अखिल भारतीय स्पर्धांत उतरतो. २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांची वाटही त्याच्याच पुढे आहे. म्हणजे मुलगा नाशिकला आला, तरी विद्यापीठाच्या संघाचा दरवाजा बंद होत नाही. नाशिक विभागातून तो त्याच निवडीला पोहोचू शकतो. नातेवाइकांच्या बोलण्यात एवढे तथ्य निश्चित आहे.

परंतु ‘पहिल्या अकरांत जागा नक्की’ या शब्दांची किंमत करताना, ती जागा वर्षातून किती सामन्यांसाठी आहे, हे विचारले पाहिजे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलेल्या महाविद्यालयाचा हंगाम एका दुपारी संपतो. मग उरलेले वर्ष मुलगा कोठे खेळणार, कोणाविरुद्ध खेळणार आणि टर्फवर आठवड्यातून किती तास असणार? पुण्यात त्याला रोज टर्फ मिळते, वरच्या वर्गातल्या दणकट मुलांविरुद्ध रोज सराव सामने मिळतात. आज त्याच्या वाढीला नक्की जागेपेक्षा या रोजच्या सरावाची अधिक गरज आहे. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : द्वितीय वर्ष संपेपर्यंत त्याला पुण्यातच राहू द्यावे.

हे मत मी दोन कारणांनी बदलेन. प्रशिक्षकांना भेटून ‘या सहा महिन्यांत तुम्ही त्याच्या कोणत्या गोष्टीवर काम करत आहात?’ असे विचारा. त्यांना चटकन आणि नेमके सांगता आले नाही, तर मुलगा तेथे केवळ सरावाची संख्या भरण्यासाठी आहे, असे समजावे. दुसरे कारण त्याच्या न बोलण्याचे. मुले दोन गोष्टी घरी लपवतात : दुखणे आणि राहिलेले विषय. ड्रॅग फ्लिकचा अतिरेकी सराव करणाऱ्या वाढत्या वयातील मुलांच्या कमरेच्या खालच्या भागावर मोठा ताण येतो, आणि कॉर्नरची जागा परत मिळवायची म्हणून मुलगा एकटाच संध्याकाळी फ्लिक मारत बसत असेल, तर ते लगेच थांबवून क्रीडावैद्यक तज्ज्ञाला दाखवले पाहिजे. एटीकेटी लागली असेल, तर रागावू नका. पण विद्यापीठ स्पर्धेतील पात्रतेवर त्याचा काय परिणाम होतो आणि मध्येच महाविद्यालय बदलल्यास खेळण्यावर बंधन येते का, हे दोन्ही प्रश्न महाविद्यालयाच्या शारीरिक शिक्षण संचालकांना लेखी विचारून लेखी उत्तर घ्यावे. खेळाविषयी त्याच्याशी बोलताना ‘किती गोल झाले’ हा प्रश्न काही महिने घरात कोणीही विचारू नये. तो बोलू लागेल.

प्रश्न : आमची दोन्ही मुले हॉकी खेळतात, मुलगा अकरावीत, मुलगी दहावीत. एका मार्गदर्शन संस्थेने अमेरिकेतील महाविद्यालयात मुलाला हॉकीची पूर्ण शिष्यवृत्ती मिळवून देण्याची हमी दिली असून नोंदणीसाठी मोठी रक्कम मागितली आहे. पैसे भरावेत का?
— एक माता, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : भरू नयेत. अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा चालवणारी प्रमुख संघटना एनसीएए ही आपल्या हॉकीची, म्हणजे तेथे ज्याला फील्ड हॉकी म्हणतात तिची, अजिंक्यपद स्पर्धा केवळ महिलांसाठी घेते. १९८१ पासून ती चालू आहे. पुरुषांसाठी तशी स्पर्धा नाही. मुलगे तेथे काही विद्यापीठांत हौशी क्लबमध्ये खेळतात, पण त्यासाठी क्रीडा शिष्यवृत्ती मिळत नाही. तेथे नुसते हॉकी म्हटले, की बर्फावरची हॉकी समजली जाते. ती पुरुषांसाठी आहे, पण आपल्या मुलाचा तिच्याशी संबंध नाही. ज्या संस्थेने मुलाच्या नावाने हमी दिली, तिने एक तर ही साधी गोष्ट तपासली नाही किंवा तपासून लपवली. दोन्ही परिस्थितींत तिच्या हाती पैसे देणे योग्य नव्हे.

मुलीच्या बाबतीत मात्र ही वाट खरी आहे, आणि आपण तिचा विचार गांभीर्याने करावा असे मला वाटते. एनसीएएच्या पहिल्या व दुसऱ्या श्रेणीतील महाविद्यालये क्रीडा शिष्यवृत्ती देऊ शकतात. तिसरी श्रेणी आणि आयव्ही लीग या हार्वर्ड, येलसारख्या जुन्या विद्यापीठांच्या गटातील विद्यापीठे खेळासाठी ती देत नाहीत, तिसऱ्या श्रेणीत गुणवत्तेवर आणि आर्थिक गरजेवर, तर आयव्ही लीगमध्ये केवळ आर्थिक गरजेवर साहाय्य मिळते. तेथील हंगाम साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबर असा असतो. प्रशिक्षकांना मध्यस्थाविना थेट ई-मेल करता येते. सोबत फक्त गोलांची कापून जोडलेली चित्रफीत न पाठवता एका तुल्यबळ संघाविरुद्धचा पूर्ण सामना पाठवावा, त्यात मुलीचा क्रमांक आणि जागा कळवावी; वर म्हटल्याप्रमाणे चेंडू येण्यापूर्वी ती काय करते, हेच तेही पाहतात.

तोपर्यंत महाराष्ट्रातील वाट सोडू नये. साताऱ्याच्या फलटण तालुक्यातील अक्षता ढेकळे आणि वैष्णवी फाळके या दोघी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून भारताच्या वरिष्ठ महिला संघापर्यंत गेल्या. दहावीतल्या मुलीला यंदा एका मोठ्या शिबिरात आणि एका राज्यस्तरीय निवड चाचणीत उतरवा. त्या चाचणीचा पूर्ण सामना फोनवर चित्रित करून ठेवा, कॅमेरा मध्यरेषेजवळ उंचावर लावा, आणि दहावीच्या गुणपत्रिकेची प्रत त्यासोबत जपून ठेवा. दोन वर्षांनी अमेरिकेतील प्रशिक्षक प्रथम हेच मागतील.